127 पायऱ्या

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून लेक म्हणाली, "बाबा, एक नंबरची वाट घेऊ या. 'मॉडरेट' लिहिलंय, तुमच्या गुडघ्यांना झेपेल."

तिच्या रॉचेस्टरच्या घरापासून गाडीने तासाभरावर लेचवर्थ स्टेट पार्क आहे. तिथे जेनेसी नदीने खडक कापत खोल घळ केली आहे. घळीत तीन मोठे धबधबे, त्यातला मधला 107 फुटांचा. एक नंबरची वाट पश्चिम काठाने सात मैल जाते. आम्हाला त्यातला वरच्या धबधब्यापासून खालच्यापर्यंतचाच तुकडा करायचा होता. पण पाटबंधारे खात्यात उभी नोकरी झालेली. चढ मध्यम असल्याचा शेरा वाचला की माझ्या मनात पहिलं येतं, हा मध्यम केला कुणी?

नदीने तर नाही. इथले मूळचे सेनेका लोक धबधब्यापाशी आले की होड्या पाण्याबाहेर काढायचे, उचलून पलीकडे न्यायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचे. अशा उचलून नेण्याला पोर्टेज म्हणतात. काठावरच्या पोर्टेजव्हिल गावाच्या नावात ती हमाली अजून शिल्लक आहे.

पूर्व काठाची गोष्ट निराळी. एरी कालव्याला फाटा म्हणून 1837 साली जेनेसी व्हॅली कालव्याचं काम निघालं. घळीपाशी आधी बोगदा धरला, पण खडक शेलचा, पापुद्रे सुटणारा. शेवटी बोगदा सोडला आणि कड्याच्या अंगाने कालवा काढला. असल्या ठिसूळ अंगाला पाणी चिकटवायचं म्हणजे दरडींना आमंत्रणच. अंदाजपत्रक करणाऱ्याची मला दया येते. 1878 मध्ये कालवा बंद झाला. नावा ओढणाऱ्या जनावरांच्या वाटेवर पुढे रेल्वेचे रूळ आले, तेही गेले, आणि आता माणसं चालतात. जनावरांसाठी केलेली, म्हणून ती जवळजवळ सपाट. मला खरं तर तीच हवी होती. लेक म्हणाली, "तिकडून धबधबे नीट दिसत नाहीत." विषय संपला.

वरच्या धबधब्यावरून रेल्वेचा पूल जातो. तिथला पहिला पूल लाकडी होता, 1852 चा. 6 मे 1875 ला तो जळाला आणि 31 जुलैला त्याच जागी लोखंडी पूल सुरू झाला. 86 दिवस! आमच्याकडे तेवढ्यात निविदेची जाहिरातसुद्धा निघाली नसती. आता तिथे 2017 ची पोलादी कमान आहे.

पार्कला नाव मिळालं ते विल्यम लेचवर्थ या बफेलोच्या व्यापाऱ्याचं. 1859 मध्ये त्याने इथे जमीन घ्यायला सुरुवात केली, तेव्हा लाकूडतोडीने काठ उघडे पडले होते. त्याने झाडं लावली. पुढे एका कंपनीला विजेसाठी नदीवर धरण हवं होतं. तेव्हा म्हाताऱ्याने आपली हजार एकर जमीन राज्यालाच देऊन टाकली. 1907 मध्ये राज्याने ती स्वीकारली. मी त्या काळी तिथे असतो तर बहुधा कंपनीच्या बाजूने तिपाईवर दुर्बीण लावून सर्व्हे करत असतो.

धरण अखेर झालंच, पण बरंच खाली, माउंट मॉरिसला, 1952 मध्ये. ते पुरासाठी बांधलेलं. एरवी त्यात पाणी साठवत नाहीत. धरण आणि रिकामं, हे आमच्या मनाला पटायला वेळ लागतो. जून 1972 मध्ये अ‍ॅग्नेस वादळात मात्र ते काठोकाठ आलं होतं.

त्याच वर्षी आमच्याकडे पावसाने पाठ फिरवली होती. मी नुकताच ओव्हरसियर म्हणून लागलो होतो, नगर जिल्ह्यातल्या एका पाझर तलावावर. सकाळी मस्टर भरायचं, दुपारी सुकडीची रांग लावायची, संध्याकाळी खडीची मापं घ्यायची. खडी फोडणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बाया. त्यांच्या हातांकडे मी मापं घेतानाही बघायचं टाळायचो.

म्हणून नकाशाच्या मागचा मजकूर वाचताना थांबलो. पार्कमधल्या कितीतरी वाटा, दगडी कठडे आणि टेबलं 1933 पासून सरकारी छावण्यांतल्या बेकार पोरांनी केली. मंदीचे दिवस. महिना 30 डॉलर मजुरी, त्यातले 25 बहुतेक थेट घरी जायचे. हे तर आपलं दुष्काळी काम! फक्त थंडीतलं.

खालच्या धबधब्यापाशी नदी ओलांडायला एक लहानसा दगडी पूल आहे. तिथे उतरायला 127 दगडी पायऱ्या. लेकीचं म्हणणं, वरूनच बघून परतू. मी म्हटलं, पुलापर्यंत जायचंच. चढताना दर वीस पायऱ्यांना बसेन, पण पायऱ्यांची घडाई हाताने चाचपून बघायची आहे.

"म्हणजे दोन तास जास्त धरू?" तिने विचारलं, आणि दशम्यांचा डबा दोनाऐवजी चार जणांचा करायला आईला हाक मारली.