बहरीन : टेकाडांखाली दडलेले दिलमुन

पर्शियन आखातातील बहरीन बेटाच्या पश्चिम भागात वस्त्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेला मातीची असंख्य ठेंगणी टेकाडे दिसतात. ही टेकाडे निसर्गनिर्मित नसून इसवी सनपूर्व २२०० ते १७५० या काळातील थडगी आहेत. त्यांपैकी ११,७७४ टेकाडांचा समावेश असलेली २१ स्थळे २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाली.

मुळात ही थडगी म्हणजे दगडी बांधणीचे बुटके, गोल बुरूज होते. कालौघात ते ढासळले आणि त्यांना टेकाडांचा आकार आला. आतील दगडी कोठडीत मृतदेह पाय दुमडून, कुशीवर ठेवला जाई. सोबत भांडी व नित्याच्या वस्तू असत. आली गावातील दुमजली राजथडगी मात्र आकाराने फार मोठी आहेत. तेथे याग्ली-एल या राजाचे नाव कोरलेले दगडी भांड्यांचे तुकडे सापडले आहेत.

अर्नेस्ट मॅके यांनी १९२५ मध्ये येथे उत्खनन केले, तेव्हा त्या काळातील वस्तीचा पत्ता लागलेला नव्हता. त्यामुळे मुख्य भूमीवरील लोक आपले मृत या बेटावर आणून पुरत असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. पुढे मोहेंजोदडोच्या उत्खननाची धुरा याच मॅके यांच्याकडे आली. त्यांचा तर्क १९५० च्या दशकात पी. व्ही. ग्लोब व जेफ्री बिबी यांच्या डॅनिश पथकाने खोटा ठरवला. उत्तर किनाऱ्यावरील कलाअत अल-बहरीन हे महाराष्ट्रातील पांढरीच्या टेकाडासारखेच, वस्तीवर वस्ती साचून उंचावलेले स्थळ आहे. तेथे तटबंदी असलेले नगर उजेडात आले. मेसोपोटेमियाच्या मृत्तिकालेखांतील व्यापारी देश दिलमुन तो हाच, या मताला त्यामुळे बळकटी मिळाली.

या व्यापाराचा धागा भारतापर्यंत पोहोचतो. दिलमुनची वजने सिंधू संस्कृतीच्या मापांशी जुळतात, तर गुजरातेतील लोथल येथे आखाती पद्धतीची गोल मुद्रा मिळाली आहे.

१९३२ मध्ये बहरीनमध्ये तेल सापडले. त्यानंतर शहरे विस्तारत गेली आणि रस्ते व घरांसाठी हजारो टेकाडे सपाट झाली. आलीच्या कुंभारांनी तर काही राजथडग्यांतच भट्ट्या लावल्या होत्या. काही ठिकाणी जमीन सपाट करण्यापूर्वी घाईने उत्खनन करून नोंदी वाचवण्यात आल्या. वास्तविक बहुतेक टेकाडे एकेका व्यक्तीसाठी बांधलेली. तिचे वय, आजार आणि ऐपत सांगणारा पुरावा त्या कोठडीतच असतो. टेकाड नोंदीविना नाहीसे झाले, तर तो पुरावा परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

मनामा येथील राष्ट्रीय संग्रहालयात असे एक थडगे पुन्हा उभारलेले पाहावयास मिळते. मात्र त्या काळातील समाजाची उतरंड ध्यानात येण्यासाठी लहानमोठी टेकाडे त्यांच्या मूळ जागीच पाहावी लागतात.