गंडीपेठचे पाणी आणि 1908 ची तुगयानी

हैदराबादला समुद्र नाही. बंगालच्या उपसागराचा किनारा येथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. म्हणूनच सागरी वादळ ही मछलीपट्टणची, काकीनाड्याची किंवा ओरिसाची आपत्ती आहे, आपली नव्हे, असा एक समज आपल्या शहरात फार पूर्वीपासून रुजला आहे. मछलीपट्टण हे कुतुबशाहीचे बंदर. गोवळकोंड्याचे हिरे आणि छापील कापड तेथूनच जगभर जात असे. 1 नोव्हेंबर 1864 च्या रात्री तेथे वादळाबरोबर समुद्र आत शिरला आणि सुमारे तीस हजार माणसे मेली. त्या बंदराचे वैभव नंतर परत आले नाही. पण तो समुद्राकाठचा प्रकार होता. पठारावर, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक उंचीवर वसलेल्या शहराने अशा वादळाची धास्ती का बाळगावी?

या प्रश्नाचे उत्तर सोमवार, दिनांक 28 सप्टेंबर 1908 रोजी मिळाले.

उपसागरात उठलेले वादळ किनारा ओलांडून आत आले की त्याचा वारा मंदावतो. त्याच्या पोटातले पाणी मात्र तसेच राहते. ते ढग संथ झाले की एकाच टापूवर रिते होतात. किनाऱ्याला वाऱ्याचा आणि लाटेचा मार बसतो, पठाराला केवळ पावसाचा. 1908 साली हेच घडले. शमशाबाद येथे चोवीस तासांत 12.8 इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत जवळजवळ 19 इंच पावसाची नोंद झाली. वर्षभराच्या पावसाचा मोठा हिस्सा दोन दिवसांत पडला, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

पंचांग पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. नवरात्र बसून दोनच दिवस झाले होते, आणि रमजानचा महिनाही नुकताच लागला होता. देवघरांत घट होते, अखंड दिवे तेवत होते. शेजारच्या मोहल्ल्यांत लोक रोजे धरून होते. त्या पहाटे दोन्ही प्रकारच्या घरांत माणसे जागीच असावीत, असे आम्हांस वाटते. फसली सन 1317 संपत आला होता. आम्ही सरकारी नोकरीत असताना जुन्या दफ्तरांत फसली तारखांशी पुष्कळ झटापट केली आहे. आमच्या घरातील वृद्ध स्त्रियांना मात्र फसलीही नको होते आणि इसवी सनही नको होता. अमक्याचा जन्म ‘तुगयानीच्या आधीचा’, तमक्याचे लग्न ‘तुगयानीनंतरचे’, एवढ्यावर त्यांचे भागत असे. उर्दूतला हा शब्द त्यांनी इतका आपलासा केला होता की ‘महापूर’ म्हटले तर त्यांना तो दुसराच कोणता तरी पूर वाटला असता.

पहाटेपासून मूसी चढत गेली. अनंतगिरीच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी एरवी उन्हाळ्यात पायी ओलांडता येईल अशी. त्या दिवशी तिच्या पात्रातून सेकंदाला सुमारे सव्वाचार लाख घनफूट पाणी वाहिले, असा हिशेब पुढे अभियंत्यांनी मांडला. अफझलगंज, मुसल्लमजंग आणि चादरघाट हे तिन्ही पूल निकामी झाले. 1578 चा जुना पूल जखमी होऊनही टिकला. कोलसावाडी आणि घांसीबाजार या दाट वस्त्या नकाशावरूनच पुसल्या गेल्या. अफझलगंजचे रुग्णालय वाहून गेले. त्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जणांनी प्राण वाचविले. ते झाड आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात उभे आहे. मृतांचा आकडा सुमारे पंधरा हजार मानला जातो. 1901 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेचार लाखांच्या आत होती आणि तिचा चौथा हिस्सा बेघर झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या संहाराचे प्रमाण कळते.

आकड्यांपेक्षा एका माणसाची हकिकत अधिक बोलकी आहे. उर्दूतील रुबाईचे थोर कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि लहान मुलगी या पुरात त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या. घरातले ते एकटे वाचले. पुढे त्यांनी या प्रसंगावर कविता लिहिली आणि तिला ‘कयामत-ए-सुग्रा’, म्हणजे धाकटा प्रलय, असे नाव दिले. ज्याचे सर्वस्व गेले त्याने प्रलयाला ‘धाकटा’ म्हणावे, या संयमापुढे आम्ही नेहमीच नतमस्तक होतो.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी राजवाड्यांचे दरवाजे लोकांसाठी उघडले आणि अन्नछत्रे घातली. त्यांच्याविषयी एक आख्यायिका आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. नदीचा कोप शांत व्हावा म्हणून ते स्वतः काठावर गेले आणि त्यांनी मूसीला साडी, बांगड्या आणि नारळ अर्पण करून आरती केली, अशी ती कथा. तिला कागदोपत्री आधार किती, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. पण मराठी घरात वाढलेल्या माणसाला ती ऐकताना काहीच विपरीत वाटत नाही. नदीची ओटी भरायची असते, आणि घरच्या कर्त्या माणसाने ती भरायची असते. तो कोणत्या धर्माचा, हा विचार त्या पिढीला सुचला नसावा. मदतकार्यात सरोजिनी नायडूंनी घेतलेल्या कष्टांबद्दल ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले आणि जालियनवाला बागेनंतर त्यांनी ते परत केले, हे सर्वश्रुत आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पूर ओसरल्यावर सरकारने ज्या माणसाला बोलावले, तो आपल्याला परका नव्हता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूरचे खरे, पण अभियंता म्हणून घडले ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि तिची सुरुवात नाशिकला. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी 1903 साली आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. धरणाची उंची न वाढविता अधिक पाणी साठवायचे आणि पूर आला की ते दारांनी स्वतःच सोडून द्यायचे, अशी ती युक्ती होती. रानडे-गोखल्यांच्या पुण्यात त्यांची उठबस होती. निजाम सरकारचा निरोप गेला तेव्हा ते मुंबई सरकारची नोकरी सोडून युरोपच्या प्रवासात होते. 1909 च्या एप्रिलमध्ये ते येथे आले आणि त्याच वर्षी त्यांनी आपला अहवाल दिला.

त्या अहवालातील एक आकडा आमच्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. शहराच्या वरच्या अंगाला मूसीचे पाणलोट क्षेत्र 862 चौरस मैलांचे, आणि त्यात 788 तलाव. त्यांपैकी 221 फुटले. तेलंगणातील हे तलाव काकतीयांच्या काळापासूनच्या परंपरेतले, साखळीने बांधलेले. वरच्या तलावाचा सांडवा खालच्याला भरतो, खालच्याचा त्याच्या खालच्याला. रोजच्या व्यवहारात यासारखी शहाणी योजना नाही. पण एका रात्री वरचा एक बांध गेला की त्याचे सारे पाणी खालच्यावर कोसळते, आणि मग माळेतला दोरा तुटावा तसे एकेक मणी सुटत जातात. म्हणजे शहर बुडाले ते केवळ आभाळातल्या पाण्याने नव्हे. त्यात दोनशेएकवीस तलावांचे साठलेले पाणीही होते.

नदीकाठी उंच भिंती बांधून भागणार नाही, हे विश्वेश्वरय्यांनी त्यावरून ताडले. याच सुमारास अमेरिकेत गॅल्व्हेस्टन या बंदराने नेमका भिंतीचा मार्ग धरला होता. 8 सप्टेंबर 1900 च्या वादळात तेथे किमान सहा हजार माणसे बुडाली. त्यानंतर त्या शहराने समुद्राला तोंड देणारी दगडी-काँक्रीटची भिंत उभारली आणि घरे उचलून, खाली भर घालून, शहराची पातळीच वर आणली. त्यांचा शत्रू समोर दिसत होता. आमचा शत्रू पाठीमागून, डोंगराच्या बाजूने येणार होता. म्हणून विश्वेश्वरय्यांनी शहराच्या वर साडेआठ मैलांवर मूसीवर आणि साडेसहा मैलांवर तिला मिळणाऱ्या ईसीवर मोठे जलाशय सुचविले. त्यांचे पहिले काम पूर पोटात घेणे आणि मग तो पात्राला सोसेल इतक्या बेताने सोडणे. भिंती, घाट, बागा आणि शहराचे मलनिस्सारण ही सारी त्याच्या जोडीची कामे.

1911 साली महबूब अली खान निवर्तले. योजना पुरी झाली ती मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत. मूसीवरचा उस्मानसागर 1920 साली आणि ईसीवरचा हिमायतसागर 1927 साली पूर्ण झाला. 1912 साली स्थापन झालेल्या नगर सुधार मंडळाने कोंदट वस्त्या मोकळ्या केल्या. उच्च न्यायालय आणि उस्मानिया रुग्णालय या वास्तू काठावर उभ्या राहिल्या. पूर, 1911 चा प्लेग आणि ही नवी आखणी यांमुळे शहर उत्तरेकडे सरकत गेले. शाहअलीबंडा, हुसेनीअलमकडची आपली कित्येक घराणी सुलतानबाजार, काचीगुडा, बरकतपुरा या भागांत आली, ती याच ओघात. विवेकवर्धिनी पाठशाळा पुराच्या आदल्याच वर्षी, 1907 साली, सुरू झाली होती. तिच्याभोवती नदीच्या उत्तरेला मराठी समाज पुढे जो दाटला, त्याच्या मागे ही उलथापालथही आहे.

आणि येथून विसराळूपणाची कथा सुरू होते. उस्मानसागराला आपण गंडीपेठ म्हणतो. जो गंडीपेठचे पाणी प्याला तो हैदराबाद सोडून राहू शकत नाही, अशी म्हण आहे. पाणी खरोखरच गोड. ते नळाने घरोघर आले आणि लोकांच्या लेखी तो जलाशय पिण्याच्या पाण्याचा झाला. पण या दोन उपयोगांत मूळचेच वैर आहे. पूर अडवायचा तर पावसाळ्याच्या अखेरीस तलावात जागा रिकामी हवी. उन्हाळ्यात प्यायला हवे तर त्याच वेळी तो काठोकाठ भरलेला हवा. आणि 1908 चा पूर सप्टेंबरच्या अखेरीसच आला होता. जलाशयावरच्या अभियंत्याला दरवर्षी या दोहोंतून मार्ग काढावा लागतो. भरलेल्या तलावाची वाहवा होते, रिकाम्या ठेवलेल्या जागेबद्दल त्याला जाब विचारला जातो. सरकारी माणसाचे हे दुखणे आम्ही जवळून पाहिले आहे.

8 मार्च 1996 रोजी शासनाने 111 क्रमांकाचा आदेश काढून दोन्ही जलाशयांच्या दहा किलोमीटर परिसरातील 84 गावांत कारखाने आणि मोठ्या बांधकामांना आळा घातला. सर्वोच्च न्यायालयानेही एका गाजलेल्या प्रकरणात या जलाशयांची बाजू उचलून धरली. पुढे मंजिरा, सिंगूर यांच्या जोडीला 2004 पासून कृष्णेचे आणि 2015 पासून गोदावरीचे पाणी शहरात आले. एप्रिल 2022 मध्ये शासनाने ते निर्बंध काढण्याचा आदेश काढला, तेव्हा कारण देण्यात आले ते असे की, शहर आता पिण्याच्या पाण्यासाठी या जलाशयांवर अवलंबून नाही. आकड्यांच्या दृष्टीने ते चूक नव्हते. पण हे जलाशय ज्या कामासाठी बांधले होते, त्या कामाचा त्या युक्तिवादात विचार नव्हता. कृष्णा-गोदावरीचे पाणी आल्याने शहराची तहान भागली. त्याने ईसीच्या पुराला उतार पडत नाही. वरच्या अंगाची जमीन काँक्रीटने झाकली की तेच पाणी अधिक लवकर आणि अधिक जोराने जलाशयात येते, एवढे समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही.

दरम्यान 13 ऑक्टोबर 2020 रोजी उपसागरातील एक वादळी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आला आणि त्याच रात्री हैदराबादवर रिता झाला. घटकेसर भागात 32 सेंटिमीटरपर्यंत पावसाची नोंद झाली. या वेळी घात केला तो मुख्यतः शहराच्या पोटातील तलावांनी. पल्ले चेरुवु आणि गुर्रम चेरुवु यांचे बांध गेले आणि दक्षिण भागातील वस्त्या कित्येक दिवस पाण्यात राहिल्या. माळेतले मणी सुटण्याचा तोच प्रकार होता, फक्त आता दोन मण्यांच्या मध्ये घरे बांधलेली होती. आपल्याच भागातील नल्लाकुंट्याचे नाव घ्या किंवा मासाब टँकचे. नावात तळे आहे, जागेवर चौक आणि दुकाने. कुंटा, कट्टा, चेरुवु हे शब्द आपण रोज उच्चारतो, पण ते पत्ते सांगण्यासाठी. 2024 साली अशा अतिक्रमणांसाठी ‘हैड्रा’ ही स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली. अंबरपेठेतील बतुकम्मा कुंट्यासारखे एखादे तळे पुन्हा पाण्याने भरलेलेही पाहायला मिळाले, त्याचा आनंद आहे. ज्यांची घरे त्या ओघात गेली त्यांच्यापैकी अनेकांनी पैसे मोजून, कागद करून ती घेतली होती. परवानगी देणाऱ्या टेबलांवर आमच्यासारखीच माणसे बसली होती, हेही येथे नोंदविले पाहिजे.

2025 च्या सप्टेंबरअखेरीस पुन्हा वरून पाणी आले. दोन्ही जलाशयांची दारे उघडावी लागली आणि मूसी चढली. गौलीगुड्याजवळचे महात्मा गांधी बसस्थानक नदीच्या पात्रातच, दोन प्रवाहांच्या मध्ये बांधलेले आहे. रात्री पाणी तेथे शिरले आणि अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावे लागले. दसरा जवळ आला होता, गावी जाणाऱ्यांची गर्दी होती. त्या स्थानकापासून चिंचेचे ते झाड फार लांब नाही. अलीकडच्या काळात 28 सप्टेंबरला काही नागरिक तेथे जमतात, 1908 च्या मृतांना आदरांजली वाहतात आणि पांगतात. रुग्णालयाच्या आवारात नातलगांची वाट पाहत बसलेली माणसे, हा कसला कार्यक्रम म्हणून त्यांच्याकडे पाहत राहतात.