मेंदूच्या कर्करोगावरील उपचारयंत्रांचा इतिहास आणि भंडारा जिल्ह्यातील रुग्ण

ग्लायोब्लास्टोमा हे मेंदूतील अर्बुदांपैकी अत्यंत आक्रमक अर्बुद होय. त्यावरील उपचारांचा इतिहास बहुधा यंत्रांच्या शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. भंडारा जिल्ह्यातून पाहिल्यास मात्र यंत्र कोणते यापेक्षा त्या यंत्रापुढे किती दिवस हजर राहावे लागते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

१९२६ मध्ये अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांच्या विद्युत-उपकरणाचा वापर करून रक्तस्राव रोखला आणि पूर्वी असाध्य वाटणाऱ्या अर्बुदांवर शस्त्रक्रिया शक्य झाली. परंतु ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी भोवतालच्या निरोगी ऊतींत शिरलेल्या असतात. त्यामुळे शस्त्रक्रिया कितीही कुशल असली तरी रोग समूळ जात नाही. ही मर्यादा ओलांडण्यासाठी किरणोपचार पुढे आला. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० यंत्राने रुग्णांवर उपचार सुरू झाले. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत किरणोपचारामुळे रुग्णांचा मध्यम जीवनकाल दुपटीहून अधिक वाढल्याचे दिसले. पुढे ६० ग्रे मात्रा ३० सत्रांत, आठवड्यातून पाच दिवस, ही पद्धत रूढ झाली.

भारतात १९४१ मध्ये मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय स्थापन झाले व १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले भाभाट्रॉन हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र याच परंपरेतील होय. कोबाल्टचे अर्धायुष्य ५.२७ वर्षे असते. स्रोत क्षीण होत गेला की प्रत्येक सत्राचा अवधी वाढतो व कालांतराने तो बदलावा लागतो. रेखीय त्वरक अधिक अचूक आहे. मात्र त्याला अखंड वीज आणि सततची तांत्रिक देखभाल लागते. कोबाल्ट यंत्राला कालबाह्य म्हणण्याची प्रथा महानगरांत सुरू झाली. ज्या भागात दुसरे यंत्रच नव्हते, तेथे हा शब्द फारसा अर्थपूर्ण नव्हता.

भंडाऱ्याहून किरणोपचारासाठी रुग्णांचा ओघ सुमारे ६० किलोमीटरवरील नागपूरकडे राहिला. तेथील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय विदर्भात सुपरिचित आहे. साकोली वा लाखांदूरच्या रुग्णाला हे अंतर आणखी दूरचे. तीस सत्रे म्हणजे सहा आठवडे. रोवणीच्या दिवसांत धानउत्पादक कुटुंबातील एक रुग्ण व त्याच्यासोबतचा एक माणूस इतके दिवस घराबाहेर राहणे म्हणजे हंगाम जवळजवळ हातचा जाणे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली आणि भंडारा जिल्हा तिच्या कक्षेत आला (२०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते). उपचारखर्चाचा मोठा भार त्यामुळे हलका झाला. बुडालेल्या मजुरीचा भार मात्र कुटुंबावरच राहिला.

२००५ मध्ये किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या गोळ्यांची जोड दिल्याने मध्यम जीवनकाल १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेला. त्यानंतर डोक्यावर चिकटवायच्या पट्ट्यांतून विद्युत-क्षेत्र सोडणारे उपकरण आले. अमेरिकेत २०११ मध्ये पुन्हा उद्भवलेल्या व २०१५ मध्ये नव्याने निदान झालेल्या रोगासाठी त्यास मान्यता मिळाली. २०१७ च्या अहवालानुसार टेमोझोलोमाइडसोबत हे उपकरण वापरणाऱ्यांत २०.९ महिने, तर केवळ टेमोझोलोमाइड घेणाऱ्यांत १६.० महिने जीवनकाल आढळला. उपकरण घरी वापरता येते. पण दिवसाचे किमान १८ तास बाळगावे लागते, डोके सतत भादरलेले ठेवावे लागते व किंमत प्रचंड आहे. २०१८ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यमूल्यमापन संस्थेने ते देऊ नये अशी शिफारस केली. दूरच्या तालुक्यांच्या दृष्टीने त्याच काळातील एक कमी गाजलेला बदल अधिक मोलाचा होता. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २०१५ च्या चाचणीत वृद्ध वा अशक्त रुग्णांना २५ ग्रे मात्रा पाच सत्रांत दिली असता, ४० ग्रे पंधरा सत्रांत दिलेल्या रुग्णांच्या तुलनेत जीवनकालात लक्षणीय फरक आढळला नाही. अशा रुग्णाला नागपूरला तीन आठवड्यांऐवजी एकच आठवडा मुक्काम करावा लागतो.