क्षारापासून मद्यार्कापर्यंत

काशीला पंचगंगेच्या शेजारी पेशव्यांनी बांधविलेला बालाजी घाट आहे. घाटावरील बालाजीच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करीत, म्हणून त्याचे नाव पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असते. परंतु देशावरून आणि कोकणातून जी मराठी माणसे एके काळी या घाटांवर आली, त्यांतील कित्येकांच्या मनात वेगळाच हिशोब होता. औषध संपले की काशी! त्याच काशीत हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात २०१९ पासून कर्करोगाचे मोठे रुग्णालय उभे आहे, आणि दूरदूरचे रोगी आता तेथे उपचारासाठी येतात.

काशीच्या दिवोदास धन्वंतरीने सुश्रुताला शल्यतंत्र शिकविले, अशी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रांची चर्चा विपुल आहे. तरीही ग्रंथकार क्षाराला शस्त्राहून वरचे स्थान देतो. वनस्पतींच्या राखेतून काढलेला हा दाहक पदार्थ रोगट मांस जाळतो. त्याचे काम झाले की आंबट द्रव्ये लावून तो शमवावा, असेही तेथे सांगितले आहे. ही शमविण्याची सूचना मला क्षाराहूनही महत्त्वाची वाटते. जाळणे सोपे, हवे तेवढेच जाळून थांबणे कठीण.

१९६० ते ७० या दशकात हिंदू विश्वविद्यालयातच डॉ. पी. जे. देशपांडे यांनी भगंदरावरील क्षारसूत्र पुन्हा प्रचारात आणले. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची एकवीस पुटे दिलेला हा दोरा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९१ सालच्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के रोग्यांचे दुखणे उलटले, दोऱ्यानंतर ४ टक्क्यांचे. जखम भरण्यास मात्र चाराऐवजी आठ आठवडे लागले.

भगंदर हाताशी असते. यकृत खोल, बरगड्यांच्या आड. तेथे दोरा पोचत नाही. त्यातून यकृताचा कर्करोग बहुधा सिरोसिसने निबर झालेल्या यकृतातच उद्भवतो, आणि असे यकृत शस्त्राचा घाव सोसत नाही. पोट न उघडता गाठीपर्यंत जावयाचे कसे? सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ दिसू लागली तेव्हा वाट सापडली. १९८३ मध्ये जपानमधील चिबा येथील वैद्यांनी आणि १९८६ मध्ये मिलानजवळच्या विमेर्काते येथील लिव्राघी यांनी बारीक सुईने गाठीत निर्जल मद्यार्क सोडल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. मद्यार्क पेशींतील पाणी शोषतो, प्रथिने गोठवितो, गाठीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पाडतो. दोन सेंटिमीटरच्या गाठीला सारे मिळून चौदा मिलिलिटर पुरतो. तोही काही बैठकींत विभागून. म्हणजे चहाचे तीन चमचे!

ज्या मद्याने अनेकांची यकृते नासविली त्याचाच अर्क येथे औषध व्हावा, हे नवल खरेच. त्याहून मोठे नवल पुढे आहे. गाठ मऊ आणि भोवतालचे यकृत कठीण, म्हणून मद्यार्क गाठीतच अडतो. सुश्रुताला थांबविण्यासाठी आंबट द्रव्य लागे. येथे सिरोसिसच कुंपण घालतो. इतर अवयवांतून यकृतात पसरलेल्या कर्करोगाच्या गाठी कठीण असतात, त्यांत मद्यार्क नीट पसरत नाही आणि हा उपाय फारसा चालत नाही.

हे कुंपणच पुढे रोग्याच्या मुळावर येते. लिव्राघी यांनी १९९५ मध्ये ७४६ रोग्यांचा वृत्तान्त दिला. पाच सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ आणि यकृत बऱ्यापैकी धड, अशांपैकी ४७ टक्के पाच वर्षे जगले. यकृत पार खचलेल्यांपैकी एकही नाही. गाठ गेली, तरी यकृत तेच राहिले.

पुढे विद्युत्‌लहरींच्या उष्णतेने गाठ जाळण्याची रीत आली. २००५ मध्ये टोकियोतील वैद्यांनी २३२ रोग्यांवर दोन्ही उपाय ताडून पाहिले, तेव्हा चार वर्षांनी उष्णतेच्या बाजूस ७४ टक्के आणि मद्यार्काच्या बाजूस ५७ टक्के रोगी हयात होते. मद्यार्क तेव्हापासून मागे पडला. परंतु गाठ पित्तनलिकेला किंवा आतड्याला खेटून असली, तर उष्णता नेणे धोक्याचे ठरते. तेथे, आणि जेथे उष्णतेचे महागडे यंत्र परवडत नाही तेथेही, वैद्य अजून तीच बारीक सुई हाती घेतात.