धावसंख्या कोणाची?

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हांस मंडपाच्या दाराशीच गाठले. सामना चालू असताना धावा पाहावयास कोणते अ‍ॅप चांगले, हा त्याचा प्रश्न. प्रश्न साधा खरा. पण त्याचे उत्तर शोधू गेल्यास बराच जुना इतिहास उलगडावा लागतो.

सन 1938 मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडात खेळत होता. समुद्रापलीकडून थेट आवाज नीट ऐकू येईल याची तेव्हा शाश्वती नव्हती. म्हणून सिडनीच्या नभोवाणी केंद्रात तारा मागवीत, आणि तारेतल्या मोजक्या शब्दांवरून निवेदक सारा सामना श्रोत्यांपुढे उभा करीत. चेंडू बॅटीवर आदळल्याचा आवाज म्हणजे पेन्सिलीने लाकडावर मारलेली टिचकी! टाळ्या ध्वनिमुद्रिकेवरच्या. यात लपवाछपवी नव्हती. लोकांना हे सारे ठाऊक होते, तरी ते रात्र रात्र जागत. मात्र तार रखडली की निवेदकाला पदरचे काही बोलून वेळ भरून काढावा लागे. आमच्या मते आजच्या प्रत्येक अ‍ॅपची परीक्षा येथेच आहे: तार रखडल्यावर ते काय करते?

त्याच दशकात मुंबईत बॉबी तल्यारखान मैदानावर बसून प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेले सांगत होते. मायक्रोफोन दुसऱ्याच्या हाती देणे त्यांना रुचत नसे. पुढे बाळ पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेटला मराठी बोली दिली आणि आमच्या कित्येक पिढ्यांनी कानांनीच सामने पाहिले.

परदेशी गेलेल्या मुलांची मात्र पंचाईत होती. अमेरिकेतील वृत्तपत्रांना क्रिकेटचे काय होय! तेथील मिनेसोटा विद्यापीठात सायमन किंग या संशोधकाने 1993 मध्ये ‘क्रिकइन्फो’ सुरू केले. कोणी नभोवाणी ऐकून, कोणी सामना पाहून चेंडूगणिक धावा टंकित करी. दामाजीपंतांचा संबंध नाही, केवळ हौस. 2007 मध्ये ते ईएसपीएनने घेतले. हौसेच्या मालाला बाजारभाव आला तो असा.

आणि बाजारभाव आला की मालकीचा तंटा आलाच. मायदेशातील सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क घेतलेल्या स्टार इंडियाने दिल्ली उच्च न्यायालयात असा दावा मांडला की, भ्रमणध्वनीवर धावा कळविण्याचा धंदा इतरांनी विनापरवाना करू नये. मार्च 2013 मध्ये एकल न्यायाधीशांनी पंधरा मिनिटे थांबून मग धावा द्या, असा आदेश दिला. पंधरा मिनिटांत तीन षटके सहज होतात. शिळ्या कढीला ऊत आणण्यासारखेच ते! ऑगस्टमध्ये खंडपीठाने तो आदेश फिरविला: घडून गेलेली, जगजाहीर झालेली घटना कोणाची मालमत्ता नव्हे. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. खंडपीठाचे म्हणणे आम्हांस पटते. बाद झालेल्या फलंदाजावर मालकी कोणी सांगावी?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. काही स्थळे धावांची माहिती हक्काने विकत घेतात, काही दूरचित्रवाणी पाहून टिपून घेतात. इंटरनेटवरचे चित्र बहुधा मागे असते. म्हणून चित्रात गोलंदाज अद्याप धावत येत असतो आणि खिशातला फोन बळी गेल्याचे सांगून मोकळा होतो. चित्र पाहावयाचे असेल तर अ‍ॅपच्या सूचना बंद ठेवाव्या. प्रवासात असाल तर फार सजावट नसलेले, मंद जोडणीवरही उघडणारे स्थळ बरे. धावांच्या शेजारी पैजेचे आमंत्रण देणारे अ‍ॅप आम्ही घरात येऊ देत नाही.

क्रिकेटच्या नियमांत गुणलेखक दोन असतात, आणि आपापल्या नोंदी वरचेवर ताडून पाहणे हे त्यांचे कामच ठरविलेले आहे. अटीतटीच्या सामन्याला आम्हीही दोन स्थळे उघडून बसतो. घरची मंडळी हसतात, ती गोष्ट वेगळी.