वखारीची युनिटं

मी कवितेचा माणूस, बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. गुंतवणुकीच्या इतिहासावर मी काय बोलणार, असं आधी वाटलं होतं. मग घरातली एक जुनी कीर्द आठवली.

मिरजेत माझे अब्बा आणि अण्णा यांची लाकडाची वखार होती. भांडवल बहुतेक अण्णांचं, मेहनत बहुतेक अब्बांची, नफा निम्मा-निम्मा. एकाचा पैसा आणि दुसऱ्याचे कष्ट या रीतीला अरबी व्यापारात मुदारबा म्हणत. तीत पैसा बुडाला तर पैसेवाल्याचा बुडे, कष्टकऱ्याचे कष्ट वाया जात. आपल्याकडे इंग्रजी अमलात १८७२ च्या करार कायद्यात भागीदारीचं एक प्रकरण होतं. त्याच्या जागी १९३२ साली स्वतंत्र भागीदारी कायदा आला, तो आजही चालू आहे. या कायद्यानं भागीदारी पेढीला कंपनीसारखं वेगळं अस्तित्व दिलं नाही. पेढी म्हणजे भागीदारच, आणि पेढीचं कर्ज म्हणजे त्यांच्या घरादारावरचं कर्ज.

भागीदारीत माणसं एकमेकांची तोंडं ओळखतात. अनोळखी माणसांनी पैसा एकत्र करायची रीत त्यामानानं अलीकडची. १७७४ साली अॅमस्टरडॅममध्ये अब्राहम व्हान केटविच नावाच्या दलालानं छोट्या गुंतवणूकदारांचा पैसा गोळा करून तो अनेक ठिकाणच्या रोख्यांत विभागून ठेवला. त्या योजनेच्या नावाचा अर्थ ‘एकीत बळ’ असा होता. आपल्याकडे ही कल्पना रुजायला १९६४ साल उजाडलं. संसदेनं आदल्या वर्षी केलेल्या कायद्यानं युनिट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याची पहिली योजना, यूएस-६४, दहा रुपयांच्या युनिटनं घरोघरी पोचली.

आमच्या वखारीतही पोचली. १९७९ साली हंगाम बरा गेला. अण्णा म्हणाले, ‘गल्ल्यात पडून राहण्यापेक्षा युनिटं घेऊ.’ पाच हजारांची घेतली. फॉर्म अण्णांनी भरला आणि सोय म्हणून स्वतःचंच नाव घातलं. अब्बांनी विचारलंसुद्धा नाही.

१९८७ साली अण्णा गेले. भागीदार दोनच असले की एकाच्या मृत्यूबरोबर पेढीही संपते. हिशेबाला बसलो तेव्हा अण्णांचा मुलगा म्हणाला, ‘काका, कागद बाबांच्या नावाचा आहे.’ अब्बा गप्प बसले. मला राग आला होता, पण आमच्या हातात काय होतं? तेवढ्यात आतून काकू म्हणाल्या, ‘कीर्द काढा.’

कीर्दीत त्या तारखेला अण्णांच्याच हातची ओळ होती: युनिट खाती नावे, वखारीच्या शिलकेतून. वेगळा हेतू दिसत नसेल तर पेढीच्या पैशानं घेतलेली वस्तू पेढीचीच, मग कागदावर नाव कुणाचंही असो, असं कायद्याचं १४ वं कलम सांगतं. अब्बांना कलम ठाऊक नव्हतं, काकूंनाही नव्हतं. देणी भागली, ज्याचं त्याचं भांडवल परत गेलं, उरलं ते निम्मं झालं. युनिटं काकूंकडे राहिली आणि अब्बांनी आपला वाटा रोख घेतला. मुलानं नंतर पुष्कळ दिवस आमच्याकडे येणं टाळलं.

आज माझा भाचा मित्राबरोबर छापखाना चालवतो. मध्यंतरी त्यांनी पेढीची शिल्लक म्युच्युअल फंडात ठेवली. पेढीचा पॅन, भागीदारी पत्राची प्रत, सह्या कोण करणार त्यांची यादी, एवढं सगळं त्यांना द्यावं लागलं. वारस कुणाला नेमायचा, असं भाच्यानं मला विचारलं. पेढीला वारस नेमता येत नाही, ती सोय व्यक्तींनाच. मी म्हटलं, एकजण गेला तर पुढे काय, हे भागीदारी पत्रातच लिहा, आणि तिसरा भागीदार नसेल तर पेढी संपल्यावर हिशेब कसा करायचा तेही लिहा. दोघं हसले. पंचविशीतल्या पोरांना हे अभद्र वाटतं.

जुलै २००१ मध्ये यूएस-६४ ची खरेदी-विक्री अचानक थांबली. काकूंची युनिटं तेव्हा त्यांच्याकडेच होती. अब्बा जाऊन तीन वर्षं झाली होती. काकू पिशवीत कागद घेऊन माझ्याकडे आल्या, चहा घेतला, आणि म्हणाल्या, ‘बाळ, ती कीर्द आहे का रे अजून? त्यात याचं काही लिहिलंय का बघ.’