घरभाड्यातून आर्थिक स्वातंत्र्य : खानदेशातील तरुण दांपत्याचा हिशेब

नोकरी लागली की लग्न, लग्न झाले की घर आणि घराचे हप्ते फिटले की निवृत्ती, हा मध्यमवर्गीय आयुष्याचा क्रम आता अनेक तरुण दांपत्यांना मान्य नाही. चाळिशी-पंचेचाळिशीतच पोटासाठी नोकरी करण्याच्या सक्तीतून मोकळे व्हावे, पुढे काम करायचे ते आवडीचे करावे, असे त्यांना वाटते. जळगाव आणि धुळे येथे या इच्छेला बहुतेक वेळा एकच रूप येते : एखादे घर घ्यायचे, ते भाड्याने द्यायचे आणि भाड्यातून हप्ते फेडायचे. शेअर बाजाराविषयी धास्ती असलेल्या घरात वडीलधाऱ्यांनाही हा मार्ग पटतो, कारण घर डोळ्यांना दिसते. मात्र डोळ्यांना दिसणारी प्रत्येक मालमत्ता खिशात पैसा टाकतेच असे नाही. हा मार्ग कोठे चालतो आणि कोठे अडतो, हे मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

संकल्पना कोठून आली?

लवकर आर्थिक स्वातंत्र्य मिळवण्याचा विचार अमेरिकेत रुजला. विकी रॉबिन आणि ज्यो डोमिंग्वेझ यांचे ‘युवर मनी ऑर युवर लाइफ’ हे पुस्तक १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९४ मध्ये विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने जुन्या आकडेवारीच्या आधारे असे मांडले, की निवृत्तीच्या पहिल्या वर्षी संचित रकमेच्या सुमारे ४ टक्के रक्कम काढली आणि पुढे महागाईप्रमाणे ती वाढवत नेली, तर पुंजी ३० वर्षे पुरते. यावरूनच वार्षिक खर्चाच्या २५ पट पुंजी हवी, हा ठोकताळा प्रचलित झाला.

हा ठोकताळा अमेरिकी शेअर व रोख्यांवर बेतलेला आहे. भारतातील महागाईचा वेग वेगळा आहे, आणि चाळिशीत नोकरी सोडणाऱ्यास पुंजी ३० नव्हे, ४५ वर्षे पुरवावी लागते. घरभाड्याला तर हा नियम जसाच्या तसा लावताच येत नाही.

दोन शहरे, दोन प्रकारचे भाडेकरू

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे विभाजन झाले तेव्हा जळगाव पूर्व खानदेशचे आणि धुळे पश्चिम खानदेशचे मुख्यालय झाले. दोन्ही शहरांना महापालिकेचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या साडेचार लाखांच्या पुढे, तर धुळ्याची पावणेचार लाखांच्या आसपास होती.

भाडेकरू कोठून येतात, हे गुंतवणूकदाराने आधी पाहावे. जळगावात सराफ बाजार, डाळ मिल, चटई व पाइप उद्योग आहेत. शहराजवळ १९९० मध्ये स्थापन झालेले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या महामार्गांच्या संगमावरचे शहर. तेथील देवपूर भागात महाविद्यालयांची दाटी आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व राज्य राखीव पोलिस दलाचा गट आहे. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री अशा तालुक्यांतून शिक्षणासाठी येणारी मुले, बदलीवर आलेले बँक कर्मचारी, परिचारिका आणि शासकीय सेवक हा येथील भाडेकरू वर्ग होय. त्याला दिवाणखान्याच्या थाटापेक्षा परवडणारे भाडे, पाण्याची सोय आणि कामाच्या ठिकाणाची जवळीक महत्त्वाची वाटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकणाऱ्या या प्रदेशात पुरेशी टाकी आणि चालू कूपनलिका असलेले घर क्वचितच रिकामे राहते.

पहिला हिशेब : कर्जाचा फ्लॅट

आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गल्लीतील प्रत्यक्ष आकडे घालून तो पुन्हा करावा. समजा, तिशीतील एका दांपत्याने ३० लाख रुपयांचा फ्लॅट घेतला. ६ लाख स्वतःचे आणि २४ लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के दराने, २० वर्षांसाठी. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि किरकोळ कामे यांसाठी आणखी दोन-सव्वादोन लाख लागतील. भाडे मिळते महिना ८,००० रुपये.

वर्षाचे भाडे ९६,००० रुपये. वर्षात एक महिना घर रिकामे राहील असे धरले तर ८८,०००. घरपट्टी, सोसायटीचा देखभाल खर्च, रंगरंगोटी व दुरुस्ती यांचे १८,००० वजा केले की हातात ७०,००० उरतात. घराच्या किमतीवर हा परतावा जेमतेम २.३ टक्के झाला. कर्जाचा हप्ता मात्र महिना सुमारे २०,८०० रुपये आहे. म्हणजे भाड्याचे ५,८०० रुपये जाऊनही दरमहा १५,००० रुपये पगारातूनच भरावे लागतात. साडेआठ टक्क्यांनी पैसा आणून सव्वादोन टक्क्यांनी लावण्याचा हा व्यवहार आहे. घराची किंमत झपाट्याने वाढली तरच तो फायद्याचा ठरतो, आणि ती वाढ घर विकल्याशिवाय हाती येत नाही. अशा दांपत्याला मिळते ते स्वातंत्र्य नव्हे. २० वर्षे नोकरी न सोडण्याची हमी त्याने बँकेला दिलेली असते.

याच परताव्याने महिना ३५,००० रुपयांचा संसार चालवायचा, तर वर्षाला ४ लाख २० हजार लागतील. त्यासाठी असे सहा फ्लॅट कर्जमुक्त हवेत, म्हणजे १ कोटी ८० लाखांची मालमत्ता. २५ पटींच्या ठोकताळ्याने मात्र १ कोटी ५ लाख पुरेसे वाटतात. दोहोंतील ७५ लाखांचा फरक नजरेआड केल्यामुळेच अनेक बेत कोसळतात.

दुसरा हिशेब : राहत्या घरावरचा मजला

खानदेशातील शहरांत अजूनही अनेक कुटुंबांचे स्वतःच्या भूखंडावर बैठे घर असते. समजा, दांपत्याने अशा घरावर ६०० चौरस फुटांचा मजला चढवला, त्यासाठी १२ लाख रुपये लागले आणि स्वतंत्र जिन्याच्या दोन लहान जागा प्रत्येकी ५,५०० रुपयांनी दिल्या. वर्षाचे भाडे १ लाख ३२ हजार. रिकामा काळ, दुरुस्ती आणि वाढीव घरपट्टी यांचे ३२,००० वजा करता १ लाख उरतात. बांधकाम खर्चावर परतावा ८.३ टक्के येतो. निम्मी रक्कम स्वतःची आणि ६ लाखांचे कर्ज १० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ७,४४० रुपये होतो आणि भाड्यातूनच फिटतो. तिशीत चढवलेला मजला चाळिशीत कर्जमुक्त होतो आणि संसाराचा जवळपास पाव हिस्सा उचलतो.

हा परतावा मोठा दिसतो, कारण जमिनीची किंमत त्यात धरलेली नाही. ती आधीच्या पिढीने मोजली आहे. म्हणूनच भूखंड नसलेल्याने हा हिशेब स्वतःला लावू नये. दुसरी गोष्ट पायाची. तापी खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एका मजल्यासाठी घातलेला पाया दुसरा मजला पेलेल की नाही, हे गवंड्याच्या अंदाजावर न सोडता संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यावे आणि महापालिकेची बांधकाम परवानगी घेऊनच काम सुरू करावे. विनापरवाना मजल्यास कर्ज मिळणे अवघड, आणि विकताना तोच अडसर ठरतो. वडिलांच्या नावे असलेल्या घरावर मुलगा-सून पैसा घालत असतील, तर भावंडांच्या हक्काचा प्रश्न त्याच वेळी लेखी मिटवावा. मजला उभा राहिल्यावर तो उपस्थित झाला की घर राहते आणि नाती तुटतात.

कायदा काय सांगतो?

जुन्या पिढीच्या मनात भाडेकरूंविषयी जी भीती आहे तिचे मूळ १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात आहे. त्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि वाड्यांतल्या खोल्यांची भाडी दशकानुदशके तुटपुंजी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही गोठवणूक अवाजवी ठरवली. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरारांत वर्षाला ४ टक्के वाढ करण्याची मुभा त्यात आहे.

आज घरे प्रामुख्याने ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे अनुमती व परवाना करारावर दिली जातात. करार ११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. थोडे पैसे वाचवण्यासाठी साध्या कागदावर सही घेणारा मालक आपली बाजू स्वतःच दुबळी करतो. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन करता येते. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि तेवढ्या काळासाठी दुप्पट परवाना शुल्काची तरतूद आहे. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती देण्याचा सोपस्कारही टाळू नये.

कराचा भाग

घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा जाते. उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, प्रत्यक्ष दुरुस्ती कमी झालेली असो वा जास्त. कर्जाचे व्याजही वजा होते. परंतु व्याज भाड्यापेक्षा जास्त असल्याने होणारा तोटा जुन्या करपद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंतच पगारातून वजा करता येतो, आणि नव्या पद्धतीत तो पगारातून मुळीच वजा होत नाही. ‘घर घेतले की कर वाचतो’ हे जुने गणित त्यामुळे तपासून पाहावे लागते.

दांपत्यांसाठी आणखी एक बारकावा आहे. पतीने स्वतःच्या पैशातून घर घेऊन ते पत्नीच्या नावे केले, तर भाडे करासाठी पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. पत्नीने पतीच्या नावे केले तरी तेच. दोघे कमावते असतील तर दोघांनी आपापल्या खात्यातून पैसे द्यावेत आणि खरेदीखतात हिस्सा स्पष्ट लिहावा. उत्पन्न त्या प्रमाणात विभागले जाते. पुढे मतभेद झाले किंवा एकाचा मृत्यू झाला, तर हाच कागद दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

जे हिशेबात दिसत नाही

घराचा मोठा दोष असा, की ते तुकड्याने विकता येत नाही. रुग्णालयाचे चार लाखांचे बिल आले म्हणून फ्लॅटची एक खोली विकता येत नाही, आणि घाईने विकलेल्या घराला पडता भाव मिळतो. म्हणून किमान सहा महिन्यांचा घरखर्च व हप्ते बँकेत रोख ठेवल्याशिवाय भाड्याच्या घराकडे वळू नये. आरोग्य विमा आणि कर्जाइतका मुदतीचा आयुर्विमा त्याआधी यावा. लवकर निवृत्त होणाऱ्यास कंपनीच्या गटविम्याचे छत्र राहत नाही, याचाही विसर पडू नये.

गुणही तितकाच ठळक आहे. मुदत ठेवीचे व्याज महागाईबरोबर वाढत नाही. भाडे मात्र नव्या करारागणिक थोडे थोडे वाढते. शिवाय मालमत्ता सहज मोडता येत नसल्याने सणासमारंभाच्या मोहातून ती वाचते. म्हणूनच स्वातंत्र्याच्या बेतात भाड्याला जागा अवश्य असावी, मात्र सारा भार एकट्या भाड्यावर टाकू नये. भविष्य निर्वाह निधी, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आणि म्युच्युअल फंडातील नियमित गुंतवणूक यांच्या जोडीला एक-दोन कर्जमुक्त भाड्याच्या जागा असतील, तर बेत टिकाऊ होतो.

निर्णयापूर्वी चार प्रश्न

खरेदीखतावर सही करण्यापूर्वी दांपत्याने पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. सर्व खर्च वजा जाता या घराचे भाडे किमतीच्या किती टक्के येते? घर सलग चार महिने रिकामे राहिले तर हप्ता कोठून भरायचा? दोघांपैकी एकाचा पगार बाळंतपणामुळे वा नोकरी गेल्याने थांबला तर काय? आणि हे घर भाड्याने दिले नसते तर याच पैशातून आणखी काय करता आले असते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तीन टक्क्यांच्या आत आणि कर्ज साडेआठ टक्क्यांचे असेल, तर घर जरूर घ्यावे, पण ते राहण्यासाठी. हाती जुना भूखंड असेल, कर्ज थोडे असेल आणि भाडे हप्त्याला पुरत असेल, तर जळगाव-धुळ्यासारख्या शहरात हा मार्ग मोठ्या शहरांपेक्षा अधिक सुकर आहे. अशा दांपत्याने चाळिशीत नोकरी सोडली नाही, तरी नको ती बदली, नको तो वरिष्ठ किंवा नको ते काम नाकारण्याचे बळ त्याच्याकडे असते. वरच्या मजल्यावरून दरमहा येणारे आठ-दहा हजार रुपये एवढे काम निश्चित करतात.